पाचबोटीवरचा हॉल

ये गं सायली, जवळ सरक. आपल्या मधे दोन समुद्र आहेत हे मला माहीत आहे. चर्चासत्राला भिंतीवर कॅनडाचा नकाशा लावायचा तर खिळे मीच ठोकायची. पण समोर माणूस बसल्याशिवाय मला बोलता येत नाही, म्हणून तू इथे माझ्या ओट्यावर बसली आहेस असं मी धरून चालते. आणि सुरुवातीला जरा रागावून घेते. तीन वर्षं झाली तुला जाऊन. मी मेसेज केला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. आधी म्हणायचीस, मावशी, थीसिस चालू आहे. थीसिस झाला, पुस्तक झालं, नोकरीही लागली म्हणे. मग बर्फाचे फोटो पाठवायला लागलीस. बाई, बर्फाचा एक फोटो पाहिला की सगळे पाहून होतात. तोंड दिसेल असा एखादा पाठव. नीट खातेस का ते मला गालावरून कळतं.

तर आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. चर्चासत्रांची उरलेली पॅडं आहेत ना माझ्याकडे, वर लाल पान छापलेली, त्यातलंच एक उघडलंय. मंगळवारी मी आपल्या कॅनडा अभ्यास केंद्रात जाऊन आले.

नव्या सरांनी बोलावलं होतं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. कर्णिक मॅडम निवृत्त झाल्यावर आले, तरुण आहेत, उभ्या उभ्या चहा पितात. मला खुर्ची दिली, मला, जिने त्या खुर्च्या पंधरा वर्षं पुसल्या. म्हणाले, "मावशी, खालच्या हॉलच्या दाराशी दगडी पाटी बसवतोय. आपला प्रत्येक कार्यक्रम ज्या वाक्याने सुरू होतो, तेच वाक्य कोरून घ्यायचं. तुम्ही एकदा नजर घाला. एकदा दगडात गेलं की गेलं."

आणि कागद पुढे केला. तुला ते वाक्य पाठ आहे, तुझंच आहे. "आपण जिथे बसलो आहोत ती जागा म्हणजे बगळेखार. जोमा आणि त्याच्या आधीच्या माणसांनी हा खार खाडीकडून मागून घेतला, बांध घालून पिकवला. त्यांना नमस्कार करून आजचं काम सुरू करतो."

मी म्हटलं, सर, चष्मा आणला नाही. चष्मा गळ्यातच लोंबत होता. त्यांनी तो पाहिला. म्हणाले, "घरी न्या, दोन दिवसांनी सांगा."

सायली, त्या वाक्यात एक गोष्ट खोटी आहे. ती मी घातली. तुला ठाऊक नव्हतं, कर्णिक मॅडमना नव्हतं, त्या लांबून आलेल्या पाहुणीला तर नव्हतंच. त्या हॉलखाली माझ्या बापाचं, जोमाचं, शेत नाही. तिथे पाचबोटी नावाचं शेत आहे. माझ्या मैत्रिणीच्या, कमलीच्या बापाचं. दगडावर छिन्नी पडायच्या आधी हे तुला सांगायला हवं, कारण माझ्या तोंडून ऐकून ते पहिल्यांदा कागदावर उतरवलंस तू.

कागद घडी करून ब्लाऊजमध्ये खोचला आणि खाली हॉलमध्ये गेले. कुलूप नव्हतं. आत कोणी नव्हतं. पडद्यांना अजून तोच वास येतो गं, डांबरगोळीचा आणि कोंदट हवेचा. मी मागच्या रांगेत माझ्या जागेवर बसले, खांबाला टेकून.

तुला आठवतं, जानेवारी लागला की आपली घाई कशी असायची. झेरॉक्सचे कागद गरम गरम यायचे, हाताला भाकरीसारखे लागायचे. जाड कागदाच्या पट्ट्यांवर पाहुण्यांची नावं लिहून त्या टेबलावर तंबूसारख्या उभ्या करायच्या. इंग्रजी अक्षरं मी त्या पट्ट्यांवरून शिकले. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं तुमच्या टेबलांवरून उचललेलं. सकाळी साडेनवाला समई. "मावशी, पंखे बंद," कर्णिक मॅडम म्हणायच्या, आणि दोनशे माणसं घामाने निथळत एका ज्योतीकडे बघत बसायची. मोगऱ्याचा वास, समईच्या तेलाचा वास, बाहेर व्हरांड्यात माझ्या पातेल्यातल्या आल्याचा वास. टेबलावर दोन छोटे झेंडे, एक आपला, एक लाल पानाचा.

आणि माझी घंटा. ते काम मला मॅडमनी दिलं, कारण मुलं लाजायची. निबंध वाचणाऱ्याला पंधरा मिनिटं. दोन मिनिटं उरली की एकदा वाजवायची, संपली की दोनदा. मोठमोठे प्राध्यापक माझ्याकडे चोरून बघत वाचायचे. नागपूरचे एक सर होते, घंटा झाली तरी थांबेनात. मी तिसऱ्यांदा वाजवली. ते थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, आमच्या घरीही तुम्हीच असता का?" सगळा हॉल हसला. जेवणाच्या सुट्टीत ते दोनदा चहाला आले.

तुम्हाला वाटायचं मावशी घड्याळ बघतेय. मी ऐकत असायची. कळायचं तेवढं कळायचं, बाकीचं नुसतं कानाला बरं वाटायचं. कातड्यांचा व्यापार, नद्या, एकाच घरात दोन भाषा बोलणारी माणसं. ती मुलं, ज्यांना आईबापांपासून तोडून शाळांत ठेवलं आणि त्यांची बोली बोलली की शिक्षा केली. त्या निबंधाला मी घंटा वाजवलीच नाही. वाचणारी मुलगी पंचवीस मिनिटं बोलली. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुढे वळवली.

पाहुणे मेपलच्या पाकाच्या बाटल्या आणायचे. मॅडम एक बाटली मला द्यायच्याच. मी तो पाक तांदळाच्या पोळ्यांवर घालून बाबाला द्यायची. बाबा बोट चाटून म्हणायचा, "काकवीच हाय. जरा धूर लागलाय." तुलाही मी डब्यातून आणले होते ते पोळे, तू चार खाल्लेस. चारच, मोजलेत मी.

मग ती पाहुणी आली. तू तेव्हा एम.ए.ला होतीस, दोन वेण्या घालायचीस. तिच्याही दोन वेण्या, पण पांढऱ्या, आणि गळ्यात मण्यांचं काम. तिथल्या मूळ माणसांपैकी होती ती. बोलायला उभी राहिली आणि आधी निबंध वाचेनाच. हळू हळू इंग्रजी बोलत होती, म्हणून मलासुद्धा कळलं. म्हणाली, आमच्याकडे रीत आहे, बोलण्याआधी ज्यांच्या जमिनीवर उभे आहोत त्यांचं नाव घ्यायचं. मी पाहुणी आहे, मला ठाऊक नाही. ही जमीन कोणाची?

व्यासपीठावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक सर म्हणाले, विद्यापीठाची. पोरं हसली. तिने विचारलं, त्याच्या आधी? सरकारची. त्याच्या आधी? पंखे बंद होते, समईची वात तडतडत होती. तू माझ्या शेजारी बसली होतीस. माझ्याकडे वळून म्हणालीस, जरा मोठ्यानेच म्हणालीस, "मावशी, तुम्ही तर इथल्याच ना?"

मी उभी राहिले. घंटा हातातच होती.

आता तुला आमच्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे मला ते इतकं पटकन कसं आलं ते कळेल. आमच्याकडे शेतांना नावं असायची, माणसांसारखी. आणि बाबाची सवय अशी, सकाळी शेतात पहिला पाय टाकायच्या आधी बांधावर उभा राहून हाक द्यायची. "बगळेखारा, आलो रं." आम्ही पोरं हसायचो. तो म्हणायचा, "नाव घेतल्याबिगर गेलं तं शेत वलखत नाय." पोशाकाका, कमलीचा बाप, तोही तसाच. त्याची हाक बाईमाणसाला द्यावी तशी. "पाचबोटीबाय, आलो गं." पावसात धुक्यातून दोन हाका ऐकू यायच्या, एकामागून एक. मग बैलांच्या गळ्यातला आवाज, मग चिखलातले पाय.

जेव्हा त्या बाईने विचारलं, ही जमीन कोणाची, तेव्हा मला उत्तर शोधावं लागलंच नाही. ते तयारच होतं. फक्त तोंडातून जे आलं ते होतं, "बगळेखार. माझा बाप जोमा, त्याचा."

का म्हटलं ते मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारलंय. चुकून गेलं नाही, एवढं खरं. जागा मला चांगली ठाऊक होती. त्या हॉलचा पाया खणला तेव्हा मी तिथे घमेली उचलायला होते गं. खाली काळा गाळ निघाला, त्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या. पाचबोटीच ती. आमचा बगळेखार तिथून दोन बांध पलीकडे. आता त्याच्यावरून सीवूड्सला जाणारा रस्ता जातो, सहा पदरी. रस्त्याखाली गेला तो. सायली, रस्त्यावर कोण थांबतं? कोण समई लावतं? कोण तिथे उभं राहून माझ्या बापाचं नाव घेणार होतं? तेवढंच डोक्यात आलं. आणि बाई वाकली, हात जोडले, आणि तिच्या जिभेला जमेल तसं म्हणाली, "जो-मा." दोनशे माणसं उभी राहिली. कर्णिक मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी कोण म्हणेल, थांबा हो, तो पलीकडचा?

पाचबोटी कशी होती ते सांगू? खाडीची पाच बोटं आत यायची शेतात, म्हणून पाचबोटी. भरतीला पाणी उघाडीतून सळसळत वर चढायचं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला बोटं रिकामी व्हायची आणि मऊ काळा चिखल चमकायला लागायचा. त्यात निवटे, चिखलातले छोटे मासे, उड्या मारायचे, डोळे वर काढून. मी आणि कमली परकर खोचून उताण्या पडेपर्यंत पळायचो त्यांच्या मागे. हाताने धरायचे. धरला की तळव्यात गुदगुल्या. कमली माझ्यापेक्षा चपळ होती, एका दमात तीन धरायची आणि एक मला द्यायची, म्हणजे मला घरी तोंड दाखवायला राहील. चैत्रात पलीकडच्या मिठागरांवर पांढरे ढीग दिसायचे, वाऱ्याला खारा वास, ओठ चाटले तर मीठ. श्रावणात आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की पाचही बोटांच्या कडेने हिरवं. पोशाकाका बांधावर बसून विडी ओढायचा आणि आम्हाला दोघींना एकाच नावाने हाक मारायचा, "पोरींनो." कोण कुणाची ते तो कधी बघायचा नाही.

मग एका वर्षी आवणी झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. सरकारने खार घेतले, बांधावर गाड्या आल्या. आम्ही बारा-तेरा वर्षांच्या असू. कमलीचं लग्न लवकर झालं, जासईला दिली तिला. जाताना मला म्हणाली, निवटे धरायला ये. मी म्हटलं, येते. तिथेही नंतर निवटे राहिले नाहीत, आणि मीही कधीतरीच गेले.

हां, तर त्या दिवशी. संध्याकाळी घरी आले. बाबा ओट्यावर जाळं विणत बसला होता. खाडीत जाणं सुटलं होतं, तरी विणायचा. कुणी विकत घ्यायचं नाही. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं.

"बाबा, आज तुजं नाव घेतलं हालमदी. माइकवर. कानडाची बाई पाया पडली."

"कोनी सांगितलं तिला?"

"मीच."

"कंचा हाल?"

"खालचा, मोठा."

सुई थांबली. "त्या जागंला तं पाचबोटी हाय."

"आपला बाजूलाच हाय ना."

"बाजूला म्हंजे बाजूला. आपला रस्त्याखाली हाय." मग जरा वेळाने, "पोशा आईकल तं काय म्हनल?"

"पोशाकाका कवाच गेला बाबा."

"गेला तं काय झालं. उद्या जाऊन सांग त्या बाईला."

मी म्हटलं, सांगते. पाहुणी दुसऱ्या दिवशी सकाळीच विमानतळावर गेली, मी चहाचे कप विसळत होते. त्याने दोनदा विचारलं, सांगितलंस का. दोन्ही वेळा मी म्हटलं, सांगते. पण तिसऱ्यांदा त्याने ते विचारलं नाही. दुपारची वेळ होती, उकडत होतं, मी त्याला पंख्याखाली बसवून पाठीला तेल लावत होते. म्हणाला, "काय बोलली ती बाई, जरा परत बोल." मी सगळं सांगितलं, समईसकट. तो डोळे मिटून ऐकत होता. तिच्या तोंडचं त्याचं नाव मी तिच्यासारखंच तोडून म्हटलं, जो-मा, तर हसला. दात नव्हते त्याला. त्यानंतर आणखी दोनदा सांगायला लावलं. पाऊस लागायच्या आधी गेला.

आता तूच सांग, त्याने मला माफ केलं होतं की नव्हतं? मला आजही कळत नाही. त्याला ते चूक वाटायचं आणि गोडही वाटायचं. तसंच मला.

पुढचं तुला माहीत आहे. कर्णिक मॅडमनी ठरवलं, यापुढे केंद्राचा प्रत्येक कार्यक्रम असाच सुरू करायचा. तुला केंद्राच्या लाल वहीत वाक्य लिहायला सांगितलं. तू माझ्याजवळ येऊन बसलीस, पेनचं टोपण दातात धरून. "मावशी, जोमा एवढंच लिहू का आडनाव पण?" मी म्हटलं, एवढंच. निळ्या शाईत, तुझ्या त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. तेव्हा मी सांगू शकले असते. तुझं पेन उचललेलं होतं अजून.

दर वर्षी म्हणायची, एवढं चर्चासत्र होऊन जाऊ दे. कधी त्यांचा वकिलातीचा माणूस यायचा, कधी बाहेरगावची मुलं, कधी नुसता आपल्याच पोरांचा वाचनाचा कार्यक्रम. नवी नवी पोरं वाक्य पाठ करून यायची. कोपरखैरण्याचा तो मुलगा, वडील तुर्भ्याच्या कारखान्यात असलेला, तो तर म्हणताना थांबायचाच मधे, "जोमा" म्हणायच्या आधी श्वास घ्यायचा. मी मागे खांबाशी उभी. समोर टेबलावर तो छोटा झेंडा. त्यातलं ते लाल पान तू नीट बघितलंस का कधी? जवळून टोकं पुष्कळ आहेत. लांबून, माझ्या खांबापासून, पाच बोटं दिसतात. हात पसरल्यासारखी. बारा वर्षं मी ते पान बघत उभी राहिले.

म्हणून मंगळवारी हॉलमधून उठले ते घरी गेलेच नाही. बस पकडली आणि जासईला गेले.

जासई आता ओळखू येत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनर, एकावर एक, निळे, लाल. ट्रेलर गेला की घरातली भांडी वाजतात. कमली दारात पाय पसरून बसली होती, सुपात करंदी सोलत. बारीक कोलंबी असते ती, नखाएवढी. वर मान केली आणि म्हणाली, "आलीस? मना वाटलं मेलीस."

"कोनी सांगितलं?"

"कोनी सांगाया कशाला पायजे? पाच वर्सं आली नाय ती मेलीच."

मी तिच्यासमोर बसले आणि दोन मुठी माझ्या पुढ्यात ओढून सोलायला लागले. हातांना काम असलं की बोलता येतं. सगळं सांगितलं. पाहुणी, हॉल, वाक्य, पाटी. ती सोलत राहिली.

"हालमदी काय करतान? भात लावतान?"

"नाय गं. भाषनं करतान."

"कसली?"

"कानडाची. तिथल्या नद्या, बर्फ. तिथल्या आधीच्या लोकांच्या जमिनी कशा गेल्या त्याची."

"आनि त्यांच्या जमिनी गेल्या त्याच्यासाठी माज्या बापाचं नाव पायजे?"

"पायजे."

ती हसली, पण पुरतं नाही. "किती वर्सं बोलतान तुज्या बापाचं?"

"बारा."

"बारा वर्सं," कमली म्हणाली. "माज्या बापाच्या खारावर उभं राहून."

ट्रेलर गेला. भांडी वाजली. मी म्हटलं, कमले, चुकलं माझं. ती म्हणाली, "चुकलं नाय. तू केलंस." बरोबर होतं तिचं. मग बराच वेळ तिने माझ्याकडे बघितलं नाही. करंदी संपली. तिने टरफलं एका बाजूला केली, हात पदराला पुसले, आणि आत जाऊन चहा ठेवला. आतूनच बोलली. "तुजा बाप बरा होता. माज्या लग्नात खाडीतनं मोठा जिताडा आनून दिलावता त्यानं. पोशाच्या पोरीचं लगीन, म्हनाला. त्याचं नाव खोडू नको सगळं. पन माज्या बापाचं पयलं घाल."

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडतेस कशाला, चहात पानी पडल."

चहा पिता पिता तिने विचारलं, "कंच्या अंगाला हाय हाल? उघाडीच्या का चिंचेच्या?" मी म्हटलं, चिंचेच्या. तिने सूप ओढलं आणि टरफलांनी रेघा काढायला लागली. हे पहिलं बोट, उघाडीपाशी. हे दुसरं. हे तिसरं, इथे तू पडलीवतीस आनि तुजा परकर फाटलावता. तिसऱ्यापर्यंत आमचं बरोबर जुळलं. चौथं बोट तिने चिंचेच्या अलीकडे ओढलं. मी म्हटलं, पलीकडे. ती म्हणाली, अलीकडे, माज्या बापाचं शेत हाय, मी सांगतंय. मी म्हटलं, पाया खणताना शिंपल्या मी पाहिल्यात. ती म्हणाली, शिंपल्या सगळीकडं असतान. पाचवं बोट आम्ही दोघींनी दोन दिशांना काढलं. टरफलं पुरेनात.

तिथूनच मी सरांना फोन केला. सगळं खरं सांगितलं, चष्म्यासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, पाटी थांबवतो. पण सायली मॅडमच्या पुस्तकात ते छापून आलंय, वहीत त्यांच्या हातचं आहे. दुरुस्ती त्यांनीच करायला हवी. त्यांना पत्र लिहायला सांगा." कमलीने फोन माझ्या हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ती एखाद्या सरांशी बोलत होती आणि आवाज जराही हलला नाही. म्हणाली, "पत्र नको. जिनं लिवलंय तिला बोलवा. कागदावर बसून खार दिसत नाय. मी चालत दाखवीन, कुठनं कुठपत."

म्हणून हे लिहिलं. तू रागावशील मला. रागाव. तुझ्या पुस्तकात माझ्यामुळे चूक छापून गेली, त्याची लाज तुला तिथल्या लोकांत वाटेल, तेही मला कळतं. पण तू आलीस की समोर बसून बोल, निळ्या खुणांवर नको. माझ्या घरी उतर. घर तेच आहे, ओटाही तोच.

कमलीचे गुडघे सकाळीच चालतात, उन्हं चढली की बसते. माझंही फार वेगळं नाही. ती पाटी, ते वाक्य, ते तू आणि सर मिळून ठरवा. मला घाई आहे ती दुसऱ्या गोष्टीची. पाचबोटी पाहिलेल्या आता आम्ही दोघीच उरलोय, आणि चौथ्या बोटावरून आमचं कडाक्याचं भांडण आहे. आमच्यातली एक गेली की ते भांडण मिटेल, आणि मग उरेल तिचंच खरं धरावं लागेल. तसं व्हायला नको. दोघी भांडत असताना ये.